बांधापलीकडचे वऱ्हाडी

तुम्ही आता खुशाल हसा, पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. धाकट्या बहिणीला गोव्यात समुद्राकाठी लग्न करायचं होतं. मी हॉटेल ठरवलं आणि लॉकडाऊन लागलं. शेवटी मांडव पडला तो देवळाली प्रवरात, आमच्याच उसाच्या कडेला. परवानगी पन्नास माणसांची. नुसती भावकीच त्याच्या तिप्पट, आणि एकाला जरी वगळलं तरी जन्माचा रुसवा. आमचे चुलते, नाना, म्हणाले, "तू गप बस, मी बघतो."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि पोलिसांची जीप आली. फौजदारांनी मांडवातली डोकी मोजली. बरोबर पन्नास. मग त्यांची नजर बांधापलीकडे गेली.

"ती एवढी माणसं कुणाची?"

"ते शेजारचं रान हाय साहेब," नाना म्हणाले. "कांदा काढायला आलेत."

"फेटे बांधून?"

"ऊन लई हाय."

फौजदारांनी मास्क नीट केला, बांधावर जाऊन उभे राहिले आणि अक्षतांसाठी हात पुढे केला.

"मला कुठल्याच रानात मोजू नका," ते म्हणाले.