फोटोपुरता वर्ग

फोरमन : तुम्ही एवढंच म्हणायचं, वहिनी, की ती नव्या मशीनच्या वर्गाला होती. बास. पुढचं मी बघतो.

थोरली : नव्हती ना पण ती. आणि मी तरी कुठे होते? आम्हा पॅकिंगच्या बायकांना रांगेनं आत आणलंत, खुर्च्यांवर बसवलंत, फोटो काढलात आणि दहा मिनिटांत परत डबे भरायला हाकललंत. पुरुष तीन दिवस बसले होते.

फोरमन : हळू बोला. दवाखाना आहे.

थोरली : माहितीय मला. माझीच जाऊ आहे आत.

फोरमन : अहो, फोटो काय मी हौसेनं काढला? वरून पत्र होतं. इतक्या देशांत कंपनीचे कारखाने, सगळीकडे एकच नियम. नवीन मशीन शिकणाऱ्यांत निम्म्या बायका दिसल्या पाहिजेत.

थोरली : मग दिसलो की आम्ही. केस विंचरून यायला सांगितलं होतंत.

फोरमन : टोमणे मारू नका. तीन दिवस तुम्हाला वर्गात बसवलं असतं तर डबे कोणी भरले असते? आणि शिकवून उपयोग काय हो? आज शिकवा, उद्या एक लग्नाला, दुसरी बाळंतपणाला.

थोरली : कँटीनच्या भिंतीवर दुसऱ्या देशातल्या कारखान्याचा फोटो लावलाय तुम्ही. हेच मशीन आहे त्यात, आणि बाई चालवतेय. तिला पोरंबाळं नसतील?

फोरमन : तिकडचं तिकडे. आता माझं ऐका. अकरा वाजता मोठ्या ऑफिसच्या मॅडम कारखान्यात चौकशीला बसतायत. त्यांच्यासमोर वर्गाच्या हजेरीचा हा कागद जाणार. सतराव्या ओळीत तुमच्या जावेचं नाव, पुढे सही. म्हणजे शिकवलं होतं, तरी हिनं मशीनमध्ये हात घातला. चूक हिची.

थोरली : आणि चूक हिची म्हटलं की कंपनी हात झटकून मोकळी.

फोरमन : औषधपाण्याचं मी बघेन ना, माझ्याकडून.

थोरली : ऑपरेटर बाहेर गेला होता. जाताना हिला म्हणाला, जरा लक्ष ठेव. पत्रा अडकला, ही काढायला गेली. मशीन बंद दिसत होतं हो.

फोरमन : दिसतं बंद. नसतं. चावी आत राहिली तर वरचा दाब आपोआप खाली येतो. पहिल्याच तासाला घोकून घेतात : अडकलं की चावी काढायची, खिशात ठेवायची, मग हात घालायचा.

थोरली : खिशात? आमच्या कामाच्या झग्यांना खिसा कुठे दिलाय तुम्ही?

फोरमन : वहिनी, ताणू नका. ही सही तिची नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी तिला लाइनवरून सोडलंच नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर केलीत.

थोरली : तुम्हीच म्हणालात, हिचीही करून टाका.

फोरमन : ते कुठे लिहिलंय? खोटी सही तुमची, हे मॅडमना कळलं की तुम्ही त्याच दिवशी घरी. घरात तुम्हा दोघींचे नवरे आधीच कामाविना बसलेत. तिचा हात गेला, तुमची नोकरी जाईल. खाल काय? जा, भेटून या तिला. मी खाली गाडीपाशी थांबतो. बरोबरच जाऊ.

(आत, वॉर्डात, खाटेपाशी.)

धाकटी : फोरमनचा आवाज वाटला गं.

थोरली : तोच होता. खाली गाडीपाशी थांबलाय. पाणी देऊ?

धाकटी : नको. ताई, बोटं खाजतायत माझी. नाहीत, तरी खाजतायत. आहे की नाही गंमत?

थोरली : गप पड.

धाकटी : काय म्हणत होता?

थोरली : वर्गाच्या हजेरीत तुझी सही आहे म्हणाला. ती मी केली होती.

धाकटी : तू?

थोरली : जेवणाची सुट्टी सोडून त्या मशीनपाशी उभी राहायचीस ना तू. मला वाटलं, हिचं नाव राहायला नको. नाव असलं की पुढच्या खेपेला हिलाच बोलावतील. चांगलं करायला गेले आणि तुझं वाटोळं केलं गं मी.

धाकटी : रडू नको. समोरच्या आजी बघतायत.

थोरली : बघू देत.

धाकटी : हे बघ, आता तू एकटीच कमावणारी. मी वर्गाला होते म्हण आणि मोकळी हो. माझा हात काय परत यायचाय?

थोरली : माझ्या तोंडातून निघायचं नाही ते.

धाकटी : निघेल. मीही तेच सांगते. फक्त वर्गात काय शिकवलं ते मला सांगून ठेव. मॅडमनी विचारलं तर गडबड नको.

थोरली : मलाही आत्ताच कळलं, त्याच्याकडून.

धाकटी : मग सांग की.

थोरली : अडकलं की चावी काढायची. खिशात ठेवायची. मग हात घालायचा.

धाकटी : आणि?

थोरली : आणि काही नाही.

धाकटी : एवढंच?

थोरली : एवढंच.

धाकटी : चावी समोरच होती गं. लाल दोरी आहे तिला. हात घालताना ती दोरी मनगटाला लागली माझ्या. मी बाजूला सारली.

थोरली : नको आठवू.

धाकटी : मला वाटायचं, काहीतरी मोठं शिकवत असतील. आपल्या डोक्याबाहेरचं. म्हणून तर मलाही शिकवा न म्हणता मी गप्प बसले इतके दिवस.

थोरली : मलाही तसंच वाटायचं.

धाकटी : किती वाजले?

थोरली : सव्वादहा.

धाकटी : तोंड धुऊन घे. मॅडमना सांग, सही तुझी आहे. फोटोचं सांग, बिनखिशाच्या झग्याचं सांग, सगळं.

थोरली : आणि घर?

धाकटी : घराची मलाही भीती वाटतेच आहे. तरी जा. मागच्या जिन्यानं जा, तो पुढे उभा असेल.