चाफ्यापाशी पडदा निळा

आता मला सांगा, यात माझी चूक काय? चाफ्यापर्यंत कॉम्प्युटरवर सगळं ठीक चालायचं हो! फाटक उघडायचं, पायऱ्या दिसायच्या, पायऱ्यांवर अक्काचे पापड वाळत पडलेले, आतून झोपाळ्याची कडी कुरकुरतेय… आणि कॅमेरा सावकाश वळून सोनचाफ्याकडे जाणार, तेवढ्यात खट्ट. आणि पडदा निळा. निळा म्हणजे कसा, तर नव्या शाईच्या दौतीत वाकून बघावं तसा. त्यावर पांढरी अक्षरं, इंग्रजीत दम देणारी. मी त्याला म्हटलं, बाबा रे, इंग्रजीतून दम देऊ नकोस, माझ्या सासूने कानडीतून दिलाय, तेव्हासुद्धा मी हलले नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भागीरथी. इथेच बंगळुरात, जयनगरात तिचं घर. ते विकलं. घेणारा ते पाडून वर मजले चढवणार, आणि तिचा मुलगा श्रीरंग तिला कायमची नागपूरला नेणार, रविवार ठरलेला. आता या अक्काने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. माझ्या वेण्या घातल्या, माझी बोलणी खाल्ली, वर मलाच जेवू घातलं. ती जायचं ठरल्यावर म्हणाली, "कुमे, तेवढा चाफा दे बरोबर." झाड काय ट्रंकेत घालून देऊ? म्हणून मी फिल्म करायला घेतली.

हो, मी. हसताय काय? जे. पी. नगरातल्या निम्म्या लग्नांच्या कॅसेटी मी जोडल्यात. मुंडावळ्या कुठे कापायच्या आणि रुसलेली आत्या कुठे कापायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो दुकानवाला विनोदकुमार गोड हसून विचारतो, "आंटी, घरात वापरणार कोण?" म्हटलं, "तुझी आंटी."

तर हा निळा. पहिल्यांदा वाटलं, उन्हाळा आहे, तापलं असेल. डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला, वाळ्याचा पडदासुद्धा ओला केला. चाफा आला, पडदा निळा. मग वाटलं, वीज कमी-जास्त होतेय. स्टॅबिलायझर बदलला. निळा. मग अख्खा एडिटिंगचा प्रोग्रॅम काढून टाकला आणि सीडीवरून नव्याने घातला, देवघर घासून पुन्हा मांडावं तसा. एक दुपार बरा चालला, दुसऱ्या दुपारी आवाज चित्राच्या पुढे पळायला लागला, झोपाळा गप्प आणि पापड कुरकुरतायत! आणि पुन्हा निळा. विनोदकुमारला बोलावलं. तो म्हणाला, मेमरी कमी पडते आंटी, स्वल्प वाढवूया. वाढवली. मग म्हणाला केबल. केबलही बदलली. मग हात झटकत म्हणाला, "बिडि, आंटी," म्हणजे सोडा म्हणे नाद. सोडा? माझी अक्का चाललीय आणि सोडा?

पण तुम्हाला खरं सांगू? चिडायला म्हणून मी त्या निळ्यापुढे बसायचे, आणि चिडायचंच राहून जायचं. वर पंखा घुमतोय, बाहेर पालेभाजीवाला सोप्पू सोप्पू करत लांब लांब जातोय, आणि समोर हे एवढं निळं… लहानपणी आईचं इरकल दोरीवर वाळत असायचं, त्याच्याखाली मी आणि अक्का शिरायचो. आत सगळं निळं. अक्काचे दात निळे, माझे हात निळे. वारा आला की अख्खं जग आत-बाहेर व्हायचं… चहा निवून जायचा. तासाभराने कळायचं की आपण मशीन दुरुस्त करायला बसलोय!

आणि तशीच बसले असताना मला चोर सापडला. मशीन पुन्हा सुरू करून, आपण डबे उघडून डाळ-तांदूळ बघतो ना, तशी एकेक फाइल बघत होते. तर माझा एडिटिंगचा प्रोग्रॅम सीडीवर सडसडीत, आणि मशीनमध्ये जाडा! पत्रं टाइप करायचा प्रोग्रॅम, तोही जाडा. घड्याळ जाडं. सगळे सारखेच फुगलेले, एका पंगतीत जेवून आल्यासारखे. आणि पंगत घातली कुणी? रांगोळीने. ती आली त्याच तारखेपासून सगळे फुगलेले.

ती रांगोळी कल्पनाची, आमच्या मागच्या गल्लीतल्या. तिने फ्लॉपीवर दिलेली. काय सुंदर होती! जरा वेळ हात लावला नाही की पडद्यावर आपोआप ठिपके पडायचे, रेघा वळायच्या, हंस व्हायचे, विरघळायचे. मी डोळे मिटेपर्यंत बघायचे. आणि तिच्या आड लपून ते मेलं माझ्या घरात शिरलं आणि खात बसलं. बरं, फ्लॉपी परत करायची होती. आता मला सांगा, आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत देतात का? मी तीत लिंबाच्या लोणच्याची कृती घालून दिली. कल्पनाने ती स्मिताला दिली, स्मिताने आरत्या घातल्या, श्यामलाने लेकीची पत्रिका घातली. सगळ्यांकडे रांगोळी, सगळ्यांकडे लोणचं, आणि सगळ्यांकडे तो! अक्काला न्यायला आलेल्या श्रीरंगलासुद्धा आवडली म्हणून मीच कौतुकाने एक फ्लॉपी भरून दिली.

विनोदकुमारला सांगितलं तसा तो पांढराफटक. व्हायरस आहे आंटी, म्हणाला, डिस्क पुसून कोरी करावी लागेल. म्हणजे फिल्मही जाणार. पुन्हा कॅसेटींवरून भरायची तर आठवडा हवा, आणि तो दिवस होता शनिवार. मी त्याला म्हटलं, तू नंतर ये. व्हीसीआर जोडला, कोरी कॅसेट घातली आणि फिल्म सोडली. म्हटलं, ये, कुठपर्यंत येतेस ते बघू. फाटक आलं. पायऱ्या आल्या. पापड आले. झोपाळा कुरकुरला, अगदी वेळेवर. कॅमेरा वळला, चाफ्याचं एक पान दिसलं, एकच… आणि पडदा निळा. पुन्हा पुन्हा केलं, प्रत्येक वेळी तेच पान. शेवटच्या खेपेला उठून व्हीसीआर बंद करायला हवा होता. उठले नाही. डोळा लागला माझा. जाग आली तेव्हा कॅसेट संपेपर्यंत निळंच निळं भरलेलं.

तेच घेऊन गेले रविवारी. करणार काय? बांधलेल्या ट्रंकांवर अक्का बसली, कॅसेट लावली. फाटक बघून हसली, पापड बघून "मोडतील गं" म्हणाली. मग ते एक पान, आणि मग माझी शरम, भिंतीएवढी निळी. मी तोंड उघडणार, श्रीरंग टीव्ही बंद करायला उठला, तर अक्काने त्याचा हात धरला.

"थांब रे. चाफ्याखाली आडवं पडलं की असंच दिसतं."

आणि बघत बसली. गाडीवाला हॉर्न मारतोय, आणि ही कॅसेट संपेपर्यंत जागची हलली नाही.

मग डिस्क पुसली. माझं मशीन लख्ख. दारावर पाटी तेवढी लावायची राहिली, की कुणाचीही फ्लॉपी या घरात येणार नाही. कल्पना रुसली. रुसू दे.

आणि काल नागपूरहून डबा आला. अक्काला चिवडा दिला होता तो. आमच्या आईच्या मुली आम्ही, रिकामा कसा येईल? संत्र्याची बर्फी. आणि बर्फीखाली फ्लॉपी. वर श्रीरंगचं अक्षर: 'आईने इथे लावलेला चाफा'. मला सगळं माहीत होतं हो! माझ्याच हातची ती रांगोळी नागपूरला गेलेली, तीच घर फिरून परत आलेली. पण बर्फी खायची आणि चाफा बघायचा नाही? मला सांगा.

घातली. बादलीतलं एवढंसं रोप, शेजारी अक्का, उन्हाला हात आडवा धरून. वाळलीय जरा. मी चष्मा पुसून जवळ जातेय, तर कडेने सावकाश ठिपके पडायला लागले… आणि पडदा निळा.

विनोदकुमार उद्या येतोय. तोवर मी आपली चाफ्याखाली आडवी पडलेय.