एका ताऱ्याची गाणी

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत शिक्षिकाबाई मासिक उघडून बसल्या होत्या, पण लक्ष सगळं शेजारच्या बहीणभावाकडे. त्यांचे वडील आत तपासणीला गेले होते.

"ताई, बाबांची सगळी यादी परत आली."

"खरं सांग. काल तो कॉम्प्युटर साफ केल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही."

"आपण घरच्यांनी गायलेली गाणी होतीच गं डिस्कवर. तू उडवलीस ती नोंद, कुठलं गाणं कुणाचं, बाबांनी कशाला किती तारे दिले. तिचा बॅकअप जुन्या पेन ड्राइव्हवर सापडला. हे बघ, मोबाइलवर घेऊनच आलोय."

"माझं शाळेतलं गाणं आहे?"

"आहे की. एक तारा."

"दात काढू नकोस. तुझं?"

"पाच. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला खात्री होती."

"आणि आईने गायलेली?"

"आईच्या गाण्यांना... थांब हं. एक."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आईला बाबा एक तारा देतील? शुद्धीवर आहेस ना?"

तेवढ्यात दार उघडून वडील बाहेर आले.

"बाबा, तुमची यादी मिळाली. पण हे तारे कुठल्या हिशेबाने दिलेत?"

"कुठल्या म्हणजे? एक म्हणजे पहिला नंबर."

"मग पाच?"

"पाचवा येणं काही वाईट नसतं रे."

"बाबा," ताई भावाकडे बघत म्हणाली, "ते पहिल्या नंबरचं परत सांगा ना. मला नीट ऐकू नाही आलं."