डोंगरावर नेलेली खुर्ची

...मध्यम म्हणे! तुम्हाला सांगतो, पायथ्याच्या फलकावर चांगलं ठळक अक्षरात लिहिलंय, 'चढ : मध्यम'. कुणी ठरवलं हे? कुणाला विचारून? हा मध्यम, तर मग अवघड चढावर गेलेली माणसं घरी परत येतात, की तिथूनच परस्पर वर जातात? माझी तक्रार नाही हं, नुसतं सांगतोय.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एकतीस वर्षं झाली. अख्खी नोकरी लोकांना चढावं लागू नये म्हणून केली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मीच डोंगर चढतोय, तोही पाठीवर घडीची लोखंडी खुर्ची बांधून! का, तर आमच्या हिच्या गुडघ्यासाठी. आठ महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा डॉक्टर म्हणाले, अगदी मधात घोळवल्यासारख्या आवाजात, "काकूंना आता कसलं बंधन नाही. एखादा छोटासा डोंगरसुद्धा चढतील!" अहो, ते आपलं बोलायला म्हणून बोलले. पण हिने तेवढंच नेमकं ऐकलं. दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोच डोंगर बघत बसली होती ना...

बसली होती का, तेही ऐका. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर आणि आमच्या इमारतीची लिफ्ट... बंद. हसा, हसा, सगळे हसले. पण तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे, आणि दुसऱ्याच्या कंत्राटातल्या लिफ्टला हात लावायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम. तो मी पाळला, मान ताठ ठेवून पाळला. त्यांची माणसं यायची, दोन दिवस लिफ्ट चालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराला पाटी. आणि ही दुखरा गुडघा घेऊन जिन्यात. मी काय केलं? दुसऱ्या मजल्यावर तिला दम खायला घडीची खुर्ची ठेवली. केवढे उपकार! पुढे तर तिने खाली उतरणंच सोडून दिलं.

तीच ही खुर्ची. म्हटलं, ऐन चढावर गुडघ्याने दगा दिला तर? बसवायचं कुठे हिला? रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि ही बाजूला ढाराढूर.

निघालो. मला सवय मजले मोजायची. सतरा पायऱ्यांचा एक मजला धरून चाललो. सातवा... बारावा... बाविसाव्याला माझे डोळे पांढरे झाले. खुर्ची उघडली, म्हटलं, "बस गं जरा." तर म्हणते, "मला काय झालंय? तुम्ही बसा." बसलो! येणारेजाणारे बघतायत, धडधाकट माणूस वाटेच्या मधोमध खुर्ची टाकून बसलाय, आणि ऑपरेशन झालेली बाई त्याला पाणी देतेय. माझी तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

बरं, उतरणाऱ्याला विचारावं, "अजून किती हो?" तर जो तो एकच पाठ केल्यासारखा, "काका, दहाच मिनिटं!" कॉलेजातली पोरं, "दहाच मिनिटं!" काठी टेकत येणारे आजोबा, "दहाऽऽच मिनिटं बाळा." बाळा! पुढे अर्ध्या तासाने एक बाई भेटल्या, त्यांचीही दहाच. डोंगर मागे मागे सरकत होता की काय, देव जाणे.

मग आली कड्याची वाट. बाजूला लोखंडी कठडा. हात ठेवला तर हालतोय. आता पाना माझ्या खिशात असतोच, सुट्टीच्या दिवशीही असतो. आपोआप बाहेर आला. एक बोल्ट आवळला, दुसरा आवळला, अकरा आवळले. ही शेजारी उभी राहून शांतपणे बघत होती. अकरावा झाल्यावर हळूच म्हणाली,

"अहो, हे कुणाच्या कंत्राटातलं?"

तुम्हाला सांगतो... ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती विचारत होती, बास. माझ्या हातातला पाना हातातच राहिला. म्हटलं, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "चुकलंच. पण बोल्ट छान आवळलेत. चला आता." आणि निघालीसुद्धा पुढे. दोन वर्षांचा हिशेब तिने त्या एका वाक्यात मिटवून टाकला. मी असतो तर जन्मभर टोचून बोललो असतो.

माथा आला. खाली तळं लख्ख चमकत होतं, पलीकडे टेकड्यांवर टेकड्या, आणि मधे काड्यापेट्यांसारख्या इमारती. मला काय दिसणार? गच्चीवरच्या लिफ्टच्या खोल्या! ती आमच्या कंपनीची, तीही आमचीच, ती त्या दुसऱ्या कंपनीची... ही मात्र डोळ्यांवर हात धरून काहीतरी शोधत होती. मग एकदम म्हणाली, "सापडली! ती बघा आपली खिडकी." आणि हात हलवला हो तिने, रिकाम्या खिडकीला. म्हणाली, "तिथे बसून इथे बघायची रोज. म्हटलं होतं, एकदा तरी इथे उभं राहून तिथे बघेन." उभी होती, स्वतःच्या पायांवर. मला भरून आलं. त्या डॉक्टरांचे, त्या गुडघ्याचे, त्या फलकवाल्याचे, सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानले. खुर्ची उघडली आणि तोंड फिरवून बसलो.

संध्याकाळी घरी आलो तर लिफ्टच्या दाराला पाटी. ही म्हणाली, "चारच मजले तर आहेत," आणि पदर खोचून भराभर वर. मी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो, तिच्या नेहमीच्या जागी खुर्ची उघडली आणि बसलो. दोन वर्षं ती इथे बसायची. आता मला कळलं की इथून वरचे दोन मजले केवढे उंच दिसतात.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, चहा टाकलाय! या, दहाच मिनिटं राहिलीत!"

माझी तक्रार नाही हं.