चौदा तारखेचा हॉल

...पंधराच ना? मग तसं आधी सांगायचं. बसा, बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मनाला येईल तेव्हा रजेवर जातो, ह्या इकडच्या खुर्चीवर बसा. तर पंधरा माणसं, वाढदिवस, वडिलांचा, पंचाहत्तरावा. आणि चार ठिकाणी फिरून आलात. कुठेकुठे गेला होतात ते मी सांगतो, तुम्ही नुसती मान हलवा. पहिलं, ते आरशांचं सभागृह — त्यांनी विचारलं असेल, पंधराच्या पुढची शून्यं लिहायची राहिली का? बरोबर? मग कोपऱ्यावरचं हॉटेल — तिथे वाद्यवृंद घेतल्याशिवाय जागा देत नाहीत, आणि वाद्यवृंदातच अठरा माणसं. म्हणजे पाहुण्यांपेक्षा वाजवणारे जास्त. मग व्यायामशाळेचा वरचा मजला, तिथे सभासद व्हा म्हणाले असतील. पंचाहत्तरीला व्यायामशाळेचं सभासदत्व! चौथं मला आठवत नाही, पण तिथल्या बाईंनी मान वर न करताच नाही म्हटलं असणार. ह्या शहराचं असंच आहे, ताई. लाखाच्या सभेला मैदान मिळतं, पण पंधरा माणसांना एकमेकांकडे तोंड करून बसायचं असेल तर जागा नाही. शेवटी सगळे फिरून फिरून इथेच येतात, वाचनालयाच्या जिन्याने वर, माझ्या खिडकीपाशी. लहान हॉल ह्या भागात एकच. तीस खुर्च्या, मधोमध एक खांब — खांबामागे बसलेल्याला केक दिसत नाही, तिथे नावडते नातेवाईक बसवायचे — आणि तीन पंखे. तिसरा पंखा जरा बोलतो. बाकी दोघं माझ्यासारखे, मुकाट्याने नोकरी केलेले.

हे रजिस्टर. बघा हवं तर, लपवण्यासारखं काही नाही. चौकशी पेन्सिलीने, अर्जावर सही झाली की शाईने. एका तारखेला एक ओळ. आणि ती पाटी वाचलीत का मागची? ‘तारीख मोकळी असल्यास कोणासही नकार देण्यात येणार नाही.’ अक्षर माझं आहे. माझ्या आधी इथे जे गृहस्थ बसायचे ते ओळखीच्यांना हॉल द्यायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, रंगकाम चालू आहे. तीन वर्षं रंगकाम चालू होतं, भिंतीला पत्ता नव्हता! मी आल्यावर पहिली ही पाटी लावली. माझा वैरी आला, तारीख मोकळी असली, तर वैऱ्यालाही हॉल. रजिस्टर सांगेल तसं. मी कोण? मी नुसता हात.

अर्ज द्या इकडे. अर्जदाराचं नाव... ठीक. पत्ता... ठीक. कार्यक्रम कोणासाठी — वडील, नाव...

अं?

नाही, काही नाही. चष्मा पुसतोय. हे तुमचे वडील — जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात होते का? साहेब होते तिथे? वाटलंच. खिडकीतून तुमचं नाक आत आलं तेव्हाच वाटलं होतं, हे नाक आपण कुठेतरी वरून खाली बघताना पाहिलंय.

थांबा. तारखेच्या रकान्यात लिहू नका. पेन खाली ठेवा. तारीख मला माहीत आहे. पाठ आहे मला. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांचे सगळे कागद मीच तयार केले होते, जन्मतारीख माझ्याच अक्षरात आहे, तीन प्रतींत. चौदा. पुढच्या महिन्याची चौदा. आणि आता हे पान बघा. हे. चौदा तारखेच्या ओळीत काय आहे? शाई. कोणाचं नाव आहे? माझं. कार्यक्रमाचं स्वरूप — ‘वैयक्तिक’. नऊ महिन्यांपूर्वी लिहिलंय, ताई. नऊ महिने! तेवढ्यात माणूस जन्माला येतो.

नाही, थांबा, माझं होऊ द्या. तुम्ही बोट वर करू नका, वर्गात आहोत का आपण? मला माहीत होतं तुम्ही येणार. तुम्ही नाही तर तुमचे भाऊ, नाही तर जावई. पंचाहत्तरी कोणी सोडत नाही. आणि साहेबांची माणसं किती जमणार, तर पंधरा — तीही ओढून आणलेली, रागावू नका. आरशांच्या सभागृहात ती मावणार नाहीत, म्हणजे हरवतील, म्हणून येणार इथे. जाळं लावायचं तर मासा कुठून जातो ते आधी बघावं लागतं. मी आयुष्यभर फायली लावल्या, जाळं एकदाच लावलं.

कशासाठी विचारता? विचारलं नाहीत? पण चेहऱ्यावर आहे. मग ऐका. चौतीस वर्षं झाली. माझ्या मुलीचा पाचवा वाढदिवस. आमची खोली अशी, की एकाने कूस बदलली तर तिघांनी बदलावी. मुलीला तिच्या वर्गातली बारा मुलं बोलवायची होती. ‘बाबा, सगळ्यांच्या घरी मी जाते, माझ्या घरी कोणी येत नाही.’ पाच वर्षांचं पोर हे बोललं. मग मी जागा शोधायला लागलो, तुमच्यासारखाच. तीन आठवडे. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून निघायचो. शेवटी एका शिंप्याने दुकानाची मागची खोली दिली. त्याच्या यंत्रांवर चादरी टाकल्या, कापडाच्या चिंध्यांच्या पताका केल्या — माझ्या बायकोला फार छान सुचायचं असलं. साडेपाचला मुलं येणार. मी साहेबांना आठ दिवस आधी लिहून दिलं होतं, चौदा ओळींचा अर्ज, की त्या दिवशी पाचच्या ठोक्याला जाऊ द्यावं. साहेबांनी ‘पाहिले’ म्हणून सही केली. ‘पाहिले’! मंजूर नाही, नामंजूर नाही. देवही असंच करतो, पण निदान त्याचा शिक्का नसतो.

आणि त्या दिवशी पाचला दहा कमी असताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर जन्मनोंदीचं रजिस्टर. म्हणाले, ही नोंद बघा. बघितली. एका मुलाची जन्मतारीख चुकली होती. दाखल्यावर सहा, रजिस्टरात नऊ. आकडा उलटा पडला होता, माणसाकडून होतं. हो, अक्षर माझंच होतं. माझंच होतं म्हणून तर सांगतोय ना! मी म्हटलं, साहेब, उद्या सकाळी आठला येतो, दुरुस्ती करतो. ते म्हणाले, रजिस्टर सकाळी सातला मुख्य कार्यालयात जातं, तिथे शिक्का पडला की ही तारीख त्या पोराला जन्मभर चिकटते. अख्खं पान पुन्हा लिहायचं, खाडाखोड चालणार नाही. चाळीस नोंदी. मी म्हटलं, साहेब, आज मुलीचा वाढदिवस आहे, अर्ज दिलाय. तेव्हा साहेब काय म्हणाले — माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत होते — म्हणाले, ‘वाढदिवस दरवर्षी येतो. ह्या पोराला मात्र आज चुकलेला दिवस दरवर्षी येईल.’

वाक्य चांगलं आहे, नाही? मीही वाचणारा माणूस आहे, वाक्य कळतं मला. पण ते आपल्या अंगावर फेकलं की त्याचं सौंदर्य तितकं दिसत नाही.

मी पोचलो तेव्हा मुलं गेली होती. शिंपी चादरींच्या घड्या घालत होता. मुलगी एका उंच स्टुलावर बसली होती, डोक्यावर कागदी टोपी, मांडीवर बशी, बशीत माझा केकचा तुकडा. बायकोशी बोलायची सोय नव्हती. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी तुमच्या तुकड्याची राखण केली. दोन मुंग्या मारल्या.’ बस. रडली नाही, रुसली नाही. रुसली असती तर हिशेब तिथेच मिटला असता. हे मुंग्यांचं माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच, चौतीस वर्षं तिथे रांग लावून आहे.

तेव्हापासून एकच ठरवलं होतं. एक दिवस हे गृहस्थ, नाहीतर त्यांचं कोणीतरी, माझ्या खिडकीसमोर उभं राहील, वाढदिवसासाठी जागा मागेल, आणि मी रजिस्टर उघडून, अगदी शांतपणे, खिडकीकडे बघत म्हणेन, ‘वाढदिवस दरवर्षी येतो.’ तालीम केलीय मी. आरशासमोर. बायको असती तर म्हणाली असती, वेड लागलंय, झोपा. ती नाही आता. आणि मुलगी — मुलगी दुसऱ्या शहरात असते, रविवारी फोन करते. एकदा मी तिला विचारलं, आठवतं का शिंप्याच्या खोलीतलं? म्हणाली, ‘कुठला शिंपी, बाबा?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘अय्या, माझा वाढदिवस झाला होता पाचवा? मला सहावा आठवतो, तुम्ही फुगा फोडला होतात.’ म्हणजे बघा. ती विसरली. साहेब विसरले असतीलच. आठवण ठेवायचं काम कोणाकडे आलं? कारकुनाकडे. नेहमीप्रमाणे.

काय करणार चौदाला? काही नाही करणार. हॉल उघडणार, मधल्या खुर्चीवर बसणार आणि वर्तमानपत्र वाचणार, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. तीसच्या तीस खुर्च्या माझ्या. त्याच वेळी साहेब घरी पलंग भिंतीला सरकवून पंधरा माणसांना बसवताहेत, असं मनात आणणार. झालं. तर आता, ताई, मी तुम्हाला ते वाक्य—

पुन्हा बोट! बरं, बोला. एकदाच बोला, म्हणजे मला शांतपणे म्हणता येईल.

काय?

एकवीस?

नाही, नाही, चौदा. मी स्वतः लिहिलीय. तीन प्रतींत लिहिलीय, ताई, शिक्का आहे त्यावर. तुम्ही मुलगी असाल, पण मी आस्थापना विभाग होतो. कागदावर... हो, कागदावर चौदाच आहे, तेच म्हणतोय मी... शाळेत? आजोबांनी? शाळेत नाव घालायला नेलं, मास्तरांनी तारीख विचारली, आजोबांना आठवेना, आणि त्यांनी अंदाजाने... एक आठवडा चुकवला? आणि मास्तरांनी लिहून टाकलं. आणि तेच पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून माझ्या तीन प्रतींत. आणि घरी पहिल्यापासून एकवीसलाच?

मग दुरुस्त का नाही केली? ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या तारखा दुरुस्त केल्या त्याने स्वतःची... काय म्हणायचे? ‘स्वतःची फाईल स्वतः उघडायची नसते.’ हं. म्हणजे ह्यातही साहेब मोठेच निघाले. आणि दर वर्षी ऑफिसात चौदाला आम्ही सगळे रांगेने जाऊन शुभेच्छा द्यायचो, ते मान हलवायचे आणि... खिडकीकडे बघायचे. आम्हाला वाटायचं, माज आहे.

म्हणून त्या पोराचं पान... नाही. तसं काही नाही. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही मला असं बघू नका. त्यांना त्यांची तारीख चुकली म्हणून माझ्या मुलीने मुंग्या मारायच्या, हा कुठला न्याय? मी माफबिफ काही केलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा. कळलेलं आहे, ते वेगळं. कळणं हे काही माफ करणं नव्हे.

एकवीस. एकवीसचं पान... मोकळं आहे.

हो, दिसतंय मला. तुम्हालाही दिसतंय, पाटीकडे बोट दाखवायची गरज नाही. पाटी माझीच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नऊ महिने मासा कुठून जातो ते बघत बसलो, आणि मासा शेजारच्या नदीतून पोहत गेला. ‘कोणासही.’ ‘कोणासही’ लिहिताना माझा हात कुठे होता! ‘शक्यतो’ लिहिलं असतं, ‘व्यवस्थापकांच्या संमतीने’ लिहिलं असतं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेवढं तरी शिकायला हवं होतं.

द्या अर्ज. इथे सही. पूर्ण सही, आद्याक्षरं नकोत. तारखेच्या रकान्यात आता तुम्ही लिहा — तुमच्या हाताने लिहा, मी नाही लिहिणार, साहेबांची जन्मतारीख मी एकदा लिहून बसलोय. हं. एकवीस. दोनावर एक. नीट वाचता येतंय. आता शाई. झालं.

वेळ पाच ते आठ. निघताना खुर्च्या जागेवर. भिंतीला काही चिकटवायचं नाही, पताका दोरीने बांधा, दोरी इथे मिळेल. आणि साहेबांची खुर्ची बरोबर तिसऱ्या पंख्याखाली ठेवा. हो, तो बोलणारा. नाही, ही विनंती नाही, नियम आहे. कधीपासून? आत्तापासून. तीन तास तो त्यांच्या डोक्यावर बोलेल, जे मला बोलायचं होतं ते सगळं बोलेल, आणि त्यांना एक अक्षर कळणार नाही.

मी? मी कशाला येऊ? सोळावा माणूस अर्जात नाही. अर्जात जे नाही ते हॉलमध्ये नाही. माझ्यासाठी केकचा तुकडा ठेवता म्हणता? ... कोणी राखण करणार असेल तर बघू. नाही, नाही, गमतीने म्हटलं. मी येत नाही.

झालं ना तुमचं काम? मग आता काय? ... चौदाला? चौदाला काय आहे, ते वाचलंत ना वर. ‘वैयक्तिक’. शाईने लिहिलंय, आता खोडता येत नाही, खाडाखोड चालत नाही इथे. तीस खुर्च्या आहेत, एक माणूस आहे. मी बघून घेईन.

जा, ताई. जिना उतरताना चौथी पायरी सांभाळा. खिडकी बंद करायची वेळ झाली. हो, पाटीवर अजून अर्धा तास आहे. पाटी मी बदलणार आहे.