वरडलं की वर घ्यायचं

न्हाई न्हाई साहेब, टोपी काढू नका — टोपीवरनंच तर ओळखलं मी तुमाला. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, छातीला बिल्ले — म्हणलं, शिर्डीच्या विमानाचे पायलट हे, दुसरं कोण? अन् यस्टीनं निघालेत, म्हंजे साधा माणूस हाय. माझी नात निकिता — नोकरीला बंगळूरला चाललीय — दुपारी तीनचं विमान — पहिल्यांदाच बसतीय — सकाळीच गेली मोटारीनं. म्हंजे तुमच्याच हातात की पोर. म्हणून एकच सांगतो, रागावू नका.

तिनंच दाखवलं मला मोबाईलवर — जमीन लई जवळ आली की तुमच्यापुढचं यंत्र वरडतं, व्हय ना? — वर घ्या, वर घ्या — विंग्रजीत. तवा इचार करायचा न्हाई, साहेब. खरं वरडतंय का खोटं, खिडकीतनं बघत बसायचं न्हाई. नाक वर करायचं, इंजिनाला सगळा जोर द्यायचा, अन् ते गप होईस्तोवर चढत राहायचं. चूक कुनाची ते मागनं बघायचं. मान हलवली — बरं वाटलं.

मी न्हाई ऐकलं, म्हणून सांगतो. ट्रॅक्टर नवा हुता, मागं आमची रंगुबाई — 'अवं, वढा आला! अवं, वढा!' — तीनदा वरडली — मी म्हणलं, बाईला काय कळतंय ट्रॅक्टरमधलं? गेलो की वढ्यात. मला खरचटलंबी न्हाई. तिचा हात मोडला. आजून वाकडाच हाय, त्याच हातानं भाकरी थापती. पण तवापासनं ती वरडतच न्हाई, साहेब. परवा मी चालता चालता म्हशीवर आदळलो — ही बाजूलाच उभी — बघत हुती — गप. चाळीस वर्षं झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं हुतं.

पिशवीतनं काय काढताय? — पिपाणी? — म्हंजे तुमी… बँडवाले? संगमनेरला लग्नात वाजवायला? — मग मघापासनं मान कशाला हलवत हुता, भल्या माणसा!

थांबा, उठू नका. निकिताचा नंबर तेवढा लावून द्या, मला दिसत न्हाई — हां — निकिते, ऐक. पायलटाच्या मागंच जागा माग. जमीन जवळ दिसली की वरड. त्यानं न्हाई ऐकलं तरी वरड — वसकन अंगावर आला तरी वरड — एकदा न्हाई ऐकलं म्हणून कायमची गप बसू नको, बाई…

काय बघताय? जावा. तुमची गाडी लागली.