कुंदाताईंनी मला कोर्टाची पायरी चढायला लावली

मंडळी, भंडाऱ्याच्या वकील कुंदाताई गेल्या. त्यांच्या फोटोसमोर बोलणं अवघड आहे. तरी बोलतो. गप्प बसणारा अशील ताईंना चालत नसे.

मी रमेश, साकोलीचा शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचो. धंदा बरा चालला, म्हणून रेडिमेड कपड्यांचं मोठं दुकान टाकलं. बँकेचं कर्ज, व्यापाऱ्यांची उधारी. दुकान बसलं. वसुलीवाले दारात उभे. मी वनिताला, माझ्या बायकोला, म्हटलं, "रायपूरले निघून जाऊ." मेव्हणा म्हणाला, "तुमचा प्लॉट माझ्या नावावर करून टाका भाऊजी, कोणाले समजते?"

वनितानं दोघांचंही ऐकलं नाही. मला ओढत ताईंकडे आणलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पळशील तर चोर ठरशील. प्लॉट लपवशील तर कोर्ट तो व्यवहारच मोडून टाकेल, अन् तू लबाड ठरशील. आपण नादारीचा अर्ज करू. नादार म्हणजे चोर नाही बाबा. फेडायले जवळ काही उरलं नाही, हे कोर्टापुढे खरं सांगणारा माणूस म्हणजे नादार."

वनितानं गळ्याशी हात नेला. "ताई, मंगळसूत्र बी जाईल काय?"

"नाही जात. सैपाकाची भांडी नाही जात. याची शिलाई मशीन बी नाही जात. कायदा कारागिराचे हात तोडत नाही."

मी म्हटलं, "ताई, वकिलाले द्यायले पैसे असते तर नादार कायले झालो असतो?"

ताई खळखळून हसल्या. "थोडे थोडे दे. पण अर्ज एकट्यानं करू नको. एक घेणेकरी लिहायचा राहिला, तर तो उद्या पुन्हा दारात येईल."

सुनावणीला तुमसरचे शेठजी उभे राहिले. उधारीवर घेतलेलं कापड त्यांचंच होतं. "साहेब, हा माणूस मालमत्ता लपवून राहिला!" ताई शांतपणे उठल्या. "प्लॉट अर्जात पहिलाच लिहिला आहे. विकावा, आणि सगळ्यांना वाटून द्यावं." शेठजी खाली बसले.

प्लॉट विकला. प्रत्येकाला वाट्याप्रमाणे मिळालं. पूर्ण नाही मिळालं, हेही सांगतो. पण वसुलीवाले थांबले, आणि पुढे कोर्टानं मला देण्यातून मोकळं केलं. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता मान वर करून बाजारात जाय."

मी गेलो, मंडळी. आज साकोलीत वनिता अन् मी दोघं शिवतो. शेठजी मला पुन्हा कापड देतात, रोखीनं. ते आज इथं समोर बसले आहेत. त्यांना कोणी बोलावलं होतं? आपल्या मनानं आले.

तुमच्या ओळखीत कोणी देण्यापायी गाव सोडायचं म्हणत असेल, तर त्याला आधी चांगल्या वकिलाकडे न्या. लाज कसली त्यात? मी गेलो म्हणून माझं घर उभं आहे.

घरातलं मोठं माणूस निघालं की आपण सगळे दारापर्यंत जातो. तसे आता उठू या. ताईंसाठी. घटकाभर, काही न बोलता.